टाकीमागची जागा

मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याची एक सिमेंटची टाकी होती, आणि हवालदारबाईंच्या निवडणुका त्या टाकीमागे गेल्या होत्या. तिथे सावली असे, टेकायला एक निकामी पाइप असे आणि मुख्य म्हणजे तिथे भाषण ऐकू येत नसे. म्हणजे येई, पण तापातून उठलेल्या माणसासारखं, धापा टाकत येई. बाई तिथे उभ्या राहून आवाज मोजायचा मीटर पुढे धरत, त्यावर उमटलेला आकडा कागदावर लिहीत आणि खाली सही करत. आकडा कायद्यात अगदी गुण्यागोविंदाने बसलेला असे.

ही झाली किल्लीवाल्यांच्या सभेची गोष्ट. सभा शिडीवाल्यांची असली की ठाण्यातले साहेब सकाळीच सांगत, "बाई, आज जरा पुढे जाऊन उभ्या राहा." पुढे म्हणजे किती पुढे, हे विचारायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. पुढे म्हणजे स्टेजच्या डाव्या अंगाला, आवाजाच्या काळ्या पेट्यांच्या तोंडाशी, जिथे उभं राहिलं की तोंडातले दातसुद्धा आपले वाटत नाहीत. तिथला आकडा कायद्यात बसणं शक्यच नव्हतं. तिथे कुणी नुसतं खोकललं असतं तरी गुन्हा दाखल झाला असता.

किल्ली ज्यांची निवडणुकीची निशाणी ते सत्तेत होते आणि शिडी ज्यांची निशाणी ते नव्हते, फरक काय तो एवढाच. मैदान तेच, मीटर तोच, बाई त्याच. पेट्याही त्याच होत्या, कारण त्या भागात धड आवाजाच्या पेट्या एकाच माणसाकडे होत्या. त्याला सगळे भोंग्या म्हणत.

भोंग्या सीमेपलीकडचा. आईच्या कडेवर बसून इकडे आला, इथेच वाढला, इथलीच बायको केली. तिकडची भाषा त्याला शिव्या देण्यापुरतीही येत नव्हती. पण कायद्याच्या लेखी तो पाहुणाच. दर थोड्या वर्षांनी राहण्याचा परवाना नवा करून घ्यायचा आणि तो हातात पडेपर्यंत कार्यालयाच्या खेपा घालायच्या, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. बायको इथली म्हणून नवरा इथला होत नाही, असा इकडचा नियम होता.

त्याला स्वतःला पक्ष नव्हता, त्याच्याकडे पेट्या होत्या. किल्लीवाल्यांच्या सभेत वक्ता घसा फोडून सांगे, "बाहेरून आलेल्यांना हाकलून लावा!" आणि भोंग्या कान देऊन ऐके, कुठे खरखर तर येत नाही ना. एकदा बाईंना राहवलं नाही.

"तुला काही वाटत नाही का रे?"

"वाटतं ना, बाई. माइक अगदी ओठांना लावतात. कितीदा सांगितलं, जरा लांब धरा. आवाज फाटतो, मग लोक मला नावं ठेवतात."

बाई हसल्या होत्या. त्यांना तो आवडायचा. कामात चोख माणूस त्यांना आवडायचाच, कारण त्या स्वतः चोख होत्या. खात्यातले काही जण सभेला न जाताच चहाच्या टपरीवर बसून आकडा ठोकून देत. बाईंनी ते कधी केलं नाही. "मी आयुष्यात खोटा आकडा लिहिलेला नाही," हे त्या मान ताठ ठेवून सांगत. आणि ते खरं होतं. कुठे उभं राहून लिहिला, हे कागदावर लिहायची जागाच नव्हती, त्यामुळे त्याचा विचार त्यांनी फारसा केला नव्हता.

मतदानाच्या आधीची शेवटची सभा शिडीवाल्यांची होती. आदल्या दिवशी त्याच मैदानावर, त्याच पेट्यांवर किल्लीवाले गरजून गेले होते आणि बाई टाकीमागे होत्या. आज त्या पेट्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. भोंग्याने त्यांना पाहिलं, मान लववली आणि बटण हळूच खाली आणलं. तेवढ्यात स्टेजवरून पुढारी ओरडला, "अरे आवाज वाढव! मागच्यांना ऐकू जाऊ दे!" भोंग्याने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा पुढाऱ्याकडे बघितलं आणि बटण वर नेलं. बाईंनी आकडा लिहिला.

गुन्हा दोघांवर दाखल झाला. सभा भरवणारा पुढारी आणि आवाज वाढवणारा भोंग्या. पुढारी ठाण्यात आला तो लग्नघरी आल्यासारखा. दारात फोटो काढून घेतला, 'दडपशाही'वर चार वाक्यं बोलला आणि त्याच्यासाठी मागवलेला चहा येण्याआधी निघूनही गेला. भोंग्या मात्र दिवस मावळेपर्यंत बाकावर बसून राहिला. जाताना म्हणाला, "बाई, परवान्याला काही अडचण नाही ना येणार?"

"छे रे. दंड भरशील आणि सुटशील."

बाईंना खरंच तसं वाटलं होतं. परदेशी माणसावर गुन्हा दाखल असेल तर परवाना नवा होत नाही आणि त्याला देश सोडावा लागतो, हा नियम त्यांना कळला तो निवडणुकीनंतर, परवाना कार्यालयातून साक्षीचं बोलावणं आलं तेव्हा.

तोवर शिडीवाले निवडून आले होते.

बाईंचा नवरा निवृत्त बसचालक आणि हाडाचा शिडीवाला. पक्षातलं काळं कुत्रं त्याला ओळखत नव्हतं, पण तो 'आम्ही' म्हणूनच बोलायचा. प्रचारात त्याने बायकोला सुखाने जेवू दिलं नव्हतं. "तुमचं खातं म्हणजे किल्लीवाल्यांच्या दारचे राखणदार. कायदा काय फक्त आमच्यासाठी?" आणि समोर बसलेले बाईंचे दीर, पक्के किल्लीवाले, आरामात म्हणायचे, "कायदा मोडला तर कारवाई होणारच. रडता कशाला?" निकाल लागला आणि पुढच्याच सुट्टीला दोघं पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसले. आता दीर म्हणत होते, "कायदा काय फक्त आमच्यासाठी?" आणि नवरा म्हणत होता, "कारवाई होणारच. रडता कशाला?" दोघांपैकी एकालाही हसू आलं नाही. बाईंना आलं असतं, पण त्या ड्यूटीवरून आल्या होत्या आणि पाय सुजले होते.

नव्या सरकारने पहिल्याच आठवड्यात आपल्या कार्यकर्त्यांवरचे गुन्हे मागे घेतले. ते म्हणे सूडापोटी घातलेले होते. पुढारी धुतल्या तांदळासारखा झाला.

"मग भोंग्यावरचाही मागे घेतला असेल ना?" बाईंनी नवऱ्याला विचारलं. "गुन्हा एकच होता."

"तो कार्यकर्ता कुठे आहे? तो भोंगेवाला."

"पण आवाज वाढवायला तुमच्याच माणसाने सांगितलं."

"अगं, समजून घे. आत्ता आम्ही बाहेरच्या माणसाला सोडलं, तर किल्लीवाले बोंब मारतील. म्हणतील, बघा, हे परक्यांचे लाड करतात. एकदोन प्रकरणांत कडक दिसायला लागतं."

"तुम्हीच म्हणत होतात ना, माणूस इथला-तिथला नसतो, माणूस माणूस असतो?"

"ते होतंच की. पण ते प्रचारात," नवरा म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेब तेच होते. त्यांच्या मागच्या भिंतीवरचा फोटो तेवढा बदलला होता आणि जुन्या फोटोचा चौकोन नव्याच्या कडेने अजून दिसत होता.

"साहेब, त्या भोंग्याचं. त्या दिवशी मी पेटीच्या तोंडाशी उभी होते. आदल्या दिवशी टाकीमागे."

"बरं?"

"आवाज दोन्ही दिवशी सारखाच होता."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याही घरी शिकणारी मुलं होती आणि बदलीची टांगती तलवार होती. "बाई, तुम्ही आकडा खोटा लिहिलात का?"

"नाही."

"मग झालं तर. विचारतील तेवढं सांगा." आणि मग अगदी आपुलकीने त्यांनी विचारलं, "तुमची निवृत्ती आता जवळ आली ना? नीट पार पडू द्या."

बाई बाहेर आल्या. रागवायलाही अंगात त्राण लागतं, ते त्यांना सापडेना. पण घरी जाताना त्यांनी मनाशी एक ठरवलं. आपण होऊन बोलायचं नाही. पण कुठे उभ्या होतात, असं कुणी विचारलं, तर सरळ सांगून टाकायचं. पेटीपुढे. आणि आदल्या दिवशी टाकीमागे. मग व्हायचं ते होवो. हे ठरल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की जणू त्या सांगूनच आल्या होत्या.

परवाना कार्यालयातली खोली लहान होती. टेबलामागे एक तरुण अधिकारीबाई सर्दीने बेजार होऊन बसली होती. भोंग्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्यापर्यंत बटणं लावली होती. त्याची बायको मागच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"आकडा तुम्ही नोंदवलात?"

"हो."

"ही सही तुमची?"

"माझीच."

बाई थांबल्या. आता पुढचा प्रश्न तोच असायला हवा होता. कुठून मोजलंत? कुणालाही सुचावा असा प्रश्न. अधिकारीबाईंनी नाक पुसलं, पान उलटलं आणि भोंग्याकडे वळून म्हणाल्या, "साक्षीदाराला तुम्हाला काही विचारायचंय?"

भोंग्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे डोळे रोखून पाहिलं. विचार, मेल्या, त्या मनातल्या मनात म्हणत होत्या. एवढं एकच विचार. मी सांगते की नाही बघ.

"नाही," भोंग्या म्हणाला. "बाई आकडा खोटा लिहीत नाहीत."

अधिकारीबाईंनी ते लिहून घेतलं. बाईंचं तोंड उघडलं होतं, त्यात शब्द होते, पण तेवढ्यात अधिकारीबाईंना एकामागून एक शिंका आल्या आणि शिंकता शिंकताच त्यांनी हाताने दार दाखवलं. बाई उठल्या. बाहेर व्हरांड्यात नंबर लावून बसलेल्या लोकांनी त्यांना वाट करून दिली, कारण त्यांच्या अंगावर वर्दी होती.

महिन्याभरात भोंग्याला सीमेपलीकडे पाठवून दिलं. सोडायला कोण गेलं होतं, बाईंना माहीत नाही. त्या ड्यूटीवर होत्या.

मग शिडीवाल्यांनी मतदारांचे आभार मानायला त्याच मैदानावर सभा ठेवली. साहेबांनी सकाळी बाईंना बोलावलं. त्यांच्याकडे न बघता, खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बाई, आज टाकीमागे."

बाई मैदानावर पोचल्या तेव्हा वायर पसरून झाल्या होत्या. पेट्या त्याच होत्या आणि बटणांपाशी भोंग्याची बायको बसली होती. कानामागे पेन्सिल, डोळ्यांखाली काळं. मधूनच पेट्यांतून एक कर्कश शीळ निघे आणि ती घाबरून भलतंच बटण दाबे. बाईंना टाकीकडे जायचं होतं, पण पाय तिच्याकडे वळले.

"कसा आहे तो?"

"आहेत. तिकडची बोली येत नाही, म्हणून लोक मुका समजतात. हमाली मिळालीये." तिने बोलताना वर पाहिलं नाही.

बाई घोटाळल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी इथे उभी होते. पेट्यांपुढे. आदल्या दिवशी टाकीमागे होते. हे तिथे सांगायला हवं होतं."

"त्यांना माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही कुठे होता ते. पेट्यांपुढे कोण उभं आहे, हे भोंगेवाल्याला दिसत नाही होय? तुम्हाला बघून तर आवाज कमी केला होता त्यांनी." तिने एक वायर ओढून पाहिली. "मी त्यांना म्हटलं होतं, मग तिथे विचारा की बाईंना, कुठे उभ्या होतात म्हणून. तर म्हणाले, त्यांना सांगायचं असतं तर त्या ठाण्यातच बोलल्या असत्या. विचारून त्यांना कशाला खोटं बोलायला लावू?"

विचारलं असतं तर सांगितलं असतं गं, असं बाईंच्या ओठांवर आलं. पण ते बोलण्याआधी त्यांनी स्वतःशीच तपासून पाहिलं, आणि त्यांना ते पटलं नाही. इतके दिवस जे पक्कं ठरलेलं वाटत होतं ते हाताला लागेना. लाज वाटली, फार वाटली, आणि ती दाखवायलाही त्यांच्यापाशी तोंड नव्हतं.

स्टेजवर पुढारी चढला. टाळ्या सुरू झाल्या. भोंग्याच्या बायकोने पहिल्यांदाच मान वर केली. बाईंच्या हातातल्या मीटरकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"आज कुठे उभ्या राहणार तुम्ही?"

एवढ्या नोकरीत हे बाईंना कुणी विचारलं नव्हतं. इथेच उभं राहावं, असं एकदा मनात येऊन गेलं. पण इथे उभं राहिलं तर आकडा वर जाणार, पुढारी फोटो काढून मोकळा होणार, आणि बाकावर बसणार ही. पेट्या जप्त होणार त्याही हिच्याच.

"टाकीमागे," बाई म्हणाल्या.

"मग वाढवते," ती म्हणाली आणि तिने बटण फिरवलं.