उन्हाविरुद्ध साक्ष

वसाहतीतल्या लाँड्रीवाल्याला सगळे परवाशेठ म्हणत. कपडे कधी मिळतील असं कुणीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं, "परवा." आणि परवाचा दिवस उलटून गेला की तो कपाळाशी हात नेऊन वर बघायचा. "काय करणार, ऊनच नाही," म्हणायचा. डोक्यावर ऊन रणरणत असलं तरी म्हणायचा. गिऱ्हाईकही मग वर बघायचं, डोळे दिपले की खाली बघायचं आणि निमूट घरी जायचं. खोटं बोल पण रेटून बोल, हे परवाशेठला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

खरं कारण साधं होतं. काम घेताना तो कुणाला नाही म्हणत नसे, आणि दुपारी जेवून वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत आडवा झाला की चहाशिवाय उठत नसे. ती सावली पडायची वसाहतीच्या मागच्या पटांगणात. पटांगण वसाहतीचं, पण परवाशेठच्या वडिलांनी तिथे दोऱ्या बांधल्या तेव्हा वसाहतीला कमिटीसुद्धा नव्हती. त्यामुळे भाडं कुणी मागितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. आपल्याला पटांगण आहे याची वसाहतीला आठवण झाली ती सोलर आल्यावर.

सगळ्यांनी मिळून एकच सोलर प्रकल्प करायचा, वीज सगळ्यांची, बिल सगळ्यांचं कमी, अशी ती योजना. पॅनेल गच्च्यांवर लावायचे असं आधी ठरलं होतं. त्याला कुणाचाही विरोध नव्हता, फक्त प्रत्येकाला ते शेजाऱ्याच्या गच्चीवर हवे होते. मग वसाहतीतल्याच एका निवृत्त इंजिनिअरने पटांगणाचा आराखडा केला. अर्ध्या भागात पॅनेल, अर्ध्यात परवाशेठच्या दोऱ्या तशाच.

"अर्धं राहतंय ना? पुरे आहे आपल्याला," बायको म्हणाली. ती ओल्या चादरी झटकून दोरीवर टाकत होती. "दोऱ्या जरा जवळजवळ बांधू."

"आज अर्धं, उद्या उरलेलं. बोट दिलं की हात धरणारी माणसं आहेत ही."

"मग काय करणार आहात?"

"सभेत बोलणार."

बायकोने तोंडातला चिमटा काढला. "अहो, गप्प बसलात तर अर्धं मिळेल. तोंड उघडलंत तर काय होईल ते देव जाणे."

पण परवाशेठच्या कानाशी तोवर हेडमास्तर लागले होते. हे निवृत्त गृहस्थ वसाहतीतल्या प्रत्येक नव्या गोष्टीला विरोध करत. लिफ्टलाही केला होता, आणि आता तिच्यातूनच खाली येऊन ते लाँड्रीच्या फळीवर कोपर टेकून उभे राहत. "उन्हाच्या भरवशावर कुठे वीज चालते का, परवाशेठ? मी बोललो तर म्हणतील, म्हातारा कटकट करतो. तुम्ही बोला. उन्हाचा अनुभव तुमच्याइतका कुणाला आहे?"

आजवर परवाशेठच्या अनुभवाची चौकशी कुणी केली नव्हती. तो हरभऱ्याच्या झाडावर चढला तो उतरलाच नाही. सभेच्या दिवशी त्याने कडक इस्त्रीचा शर्ट घातला. तो कुणाचा होता हे बायकोने विचारलं नाही.

सभा रविवारी सकाळी, वसाहतीच्या हॉलमध्ये. अध्यक्षबाई टेबलाशी, शेजारी इंजिनिअर. तारेतून येणारी वीज कशी भरवशाची असते यावर हेडमास्तरांचं भाषण रंगात आलं आणि पंखे बंद पडले. त्यांनी आवाज चढवला आणि घाम पुसत मुद्दा पूर्ण केला. मग म्हणाले, "आता जाणकाराचं ऐका."

परवाशेठ उठला. खिडकीतून आलेलं ऊन थेट त्याच्या तोंडावर पडत होतं. डोळ्यांवर आडवा हात धरून तो म्हणाला, "मंडळी, आपल्याकडे ऊन नाही."

कुणी हसलं नाही. ऐकून ऐकून सवय झाली होती.

"म्हणजे असतं, पण भरवशाचं नाही. महिन्यातले निम्मे दिवस तर नसतंच. सकाळी तोंड दाखवतं, दुपारी गायब. माझ्या धंद्याचं वाटोळं उन्हाने केलंय. तुमच्या विजेचंही करेल."

"अगदी खरं!" मागून एकजण उठला. "माझ्या लग्नाचा कोट मला लग्नानंतर मिळाला. फोटोत मेहुण्याचा आहे. ऊनच नव्हतं तेव्हा!"

"आमचे पडदे पंधरा दिवस वाळत होते," एक काकू म्हणाल्या. "मी तर घरात उघडीच राहिले म्हणा ना."

मग रांगच लागली. गणवेश, रजया, दवाखान्यातले डगले. परवाशेठच्या सगळ्या थापा आपापल्या पायांनी चालत आल्या आणि त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्याची छाती फुगली. हेडमास्तरांनी तर त्याच्या पाठीवर थाप मारली.

इंजिनिअर मात्र गंभीर झाला होता. तो सरळ स्वभावाचा माणूस होता; समोरच्याने सांगितलेलं खरं मानायचा.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "मी पुस्तकातलं ऊन धरलं. जागेवरचा माणूस निम्मंच म्हणतोय आणि अख्खी वसाहत साक्षीला आहे. मग उपाय सोपा आहे. ऊन निम्मं, तर पॅनेल दुप्पट. सगळं पटांगण घेऊ. आणि ढगाळ दिवसांसाठी बॅटऱ्या ठेवू, त्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत."

कोपऱ्यातली पत्र्याची खोली म्हणजे परवाशेठची धुलाईची खोली.

"खर्च?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पॅनेल वाढले की सरकारी मदतही वाढते."

"बॅटऱ्या असतील तर माझा विरोध नाही," हेडमास्तर म्हणाले आणि बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आक्षेप कुणीतरी मनावर घेतला होता. ते इतके खूश झाले की परवाशेठकडे बघायचंही विसरले.

परवाशेठ दोन पावलं पुढे आला. "थांबा, थांबा!" तो ओरडला. "ऊन असतं हो! भरपूर असतं! दुपारच्या आत चादरी खडखडीत वाळतात."

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"मग माझा कोट?" मागच्याने हळूच विचारलं.

आता खोटं सुचेना. आणि सुचलं असतं तरी त्याने पटांगण गेलंच असतं. अब्रू जाईल, पण दोऱ्या वाचतील, असा विचार करून परवाशेठने मान खाली घातली. "मी झोपलो होतो," तो म्हणाला. "पडदेही वाळले होते, काकू. दुसऱ्याच दिवशी वाळले होते. मी रोजच झोपतो."

हशा असा उसळला की खिडक्या वाजल्या. परवाशेठला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याने इंजिनिअरवरची नजर काढली नाही.

इंजिनिअरचा चेहरा उजळला. "म्हणजे ऊन पूर्ण आहे! मग तर फारच छान. दुप्पट पॅनेल लावले तर जास्तीची वीज विकताही येईल."

"म्हणजे ऊन असलं तरी सगळं पटांगण हवं आणि नसलं तरी हवं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हात वर करा."

हात वर झाले. हेडमास्तरांचे दोन्ही.

लोक पांगल्यावर परवाशेठ टेबलापाशी गेला. "बाई, अर्धं तरी राहू द्या. आधी तर राहणारच होतं."

अध्यक्षबाईंना वाईट वाटलेलं दिसत होतं. "आधीही नव्हतं राहत, परवाशेठ. पहिल्या आराखड्यात सगळंच घेतलेलं होतं. मग तुमच्या मिसेस माझ्याकडे आल्या. इंजिनिअरसाहेबांकडेही जाऊन बसल्या. अर्ध्यात आमचं भागेल म्हणाल्या. त्यांच्या शब्दाखातर साहेबांनी सगळं अर्ध्यात बसवलं होतं. आता सभेने ठराव केल्यावर मी तरी काय करू?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "वाळवायचं मशीन घ्या ना. वीज स्वस्तात मिळेल. उन्हाचीच वीज, म्हणजे उन्हात वाळल्यासारखंच."

पटांगणात बायको चादरी उतरवत होती. चादरी कडक वाळल्या होत्या आणि त्यांना उन्हाचा वास येत होता. परवाशेठ दोऱ्यांखालून वाकत वाकत तिच्यापर्यंत गेला.

"हसण्याचा आवाज इथवर आला," ती म्हणाली. "किती गेलं?"

"सगळं. खोलीसुद्धा."

तिने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी ती ताणली, घडी घातली, जवळ आले, पुन्हा लांब गेले. लग्न झाल्यापासून ती दोघं अशा घड्या घालत आली होती.

"तू त्यांच्याकडे गेली होतीस, हे मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, अर्धंच का मागितलंस?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्याबरोबर मी सगळा संसार अर्ध्यातच केला हो. अर्धी झोप, अर्धी कमाई, अर्धं खरं. मला जमतं अर्ध्यात."

तिचे डोळे भरून आले होते. ते पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तिने खांद्याने पुसले. परवाशेठने चादर तिच्या हातातून घेतली आणि उरलेली घडी एकट्याने घालायला लागला. त्याला ती नीट जमेना.