बद्द वाजणारी मूस

पितळाचा रस ओतताना तो वितळवायची मातीची मूस फुटली आणि चन्नवीरचा डावा पाय भाजला. तरी ओतकाम त्याने सोडलं नाही. सात रस्ता चौकामागच्या त्याच कारखान्यात तो यंत्रमागाचे बुश, म्हणजे दांडा फिरायच्या पितळी कड्या, ओतत राहिला. मुशी पारखून आणायचं कामही त्याचंच होतं.

त्याचा धाकटा भाऊ बसवराज मुशी घडवायचा. अण्णाचा पाय पाहिल्यापासून त्याला एकच ध्यास लागला. तडा गेला तरी रस न सांडणारी मूस हवी. बऱ्याच भट्ट्या वाया घालवल्यावर ती जमली. मातीच्या पातळ पोळ्या एकावर एक लपेटायच्या आणि दर दोन पोळ्यांच्या मध्ये ग्रॅफाइटचा हात फिरवायचा. तडा वरच्या थरात शिरायचा, ग्रॅफाइटला भिडला की आडवा पळायचा. आतले थर शाबूत राहायचे.

पहिली मूस त्याने कारखान्यात अण्णाकडेच नेली. चन्नवीरने ती कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवली. माठ असो की मूस, वाजवल्याशिवाय इथे कुणी घेत नाही. खण्ण वाजली तर अखंड, बद्द वाजली तर चिरलेली. थराथरांची ही मूस अखंड असूनही, मधल्या ग्रॅफाइटमुळे, बद्दच वाजली.

"फुटकी हाय की रं."

बसवराजने थरांचं सगळं सांगून पाहिलं. मग साध्या मुशीवर हातोडी मारली, तिच्या ठिकऱ्या झाल्या. आपल्या मुशीवर मारली, तिला नुसती चीर पडली. कामगार बघत राहिले. एकाने तर आता ही मूस गळ्यात बांधून विहिरीत उडी मार, तरी ती फुटायची नाही, अशी बसवराजची चेष्टाही केली.

चन्नवीर हसला नाही. "त्या दिवशीची मूसबी बद्दच वाजली हुती. घाईत मी तशीच भट्टीत ठिवली. आता न्हाय ठिवणार."

"अण्णा, ही तुज्यासाठीच केलीया."

"मग वाजंल अशी कर."

बाकीच्या कारखान्यांनीही मूस वाजवली आणि परत केली. बसवराज पुन्हा साध्या मुशी घडवू लागला. त्या खणखणीत वाजत. तापल्यावर त्यांना तडा गेला तर तो आरपार जाणार, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या खेपेला चन्नवीर मूस घ्यायला त्याच्याकडे आला. एकेक वाजवून त्याने एक निवडली आणि भावाच्या पाठीवर थाप मारली.

मूस पेंढ्यात बांधता बांधता बसवराज म्हणाला, "ओतताना बूट घालत जा, अण्णा."

"बूट कशाला? आवाज ऐकलास न्हवं?"

बसवराजने सुतळीची गाठ आवळली.