काळी पडलेली चीर

अमेरिकेतल्या लढाईमुळे अमरावतीच्या बाजारात कापसाचा भाव आभाळाला भिडला होता, त्या वर्षी कार्तिकात कौंडण्यपूरजवळ नत्थुजी भोयाची नाव बुडाली. वर्धा नदीच्या पलीकडून कापसाची गाठोडी भरून तो येत होता. ऐन धारेत नावेत पाणी शिरलं. बरोबरचे दोघं पोहून निघाले; नत्थुजी गाठोड्यांखाली सापडला.

पिऊन होता, असं गाव म्हणालं. अधूनमधून प्यायचा, हे खरंच होतं.

आठवड्यानं त्याच्या धाकट्या भावानं, जानरावानं, बैल जुंपून नाव काठावर ओढली आणि तिवशाहून सुतारकाम करणाऱ्या रऊफ मिस्त्रीला बोलावलं. नाव पुन्हा पाण्यात घालता येईल का, एवढंच त्याला हवं होतं. नत्थुजीची बायको जमुना काठावरच्या दगडावर बसून होती.

रऊफ नावेत उतरला. पाय ठेवायच्या फळ्या त्यानं एकेक करून उचकटल्या, खालचा गाळ हातानं उपसला आणि हातोडीनं तळ ठोकत निघाला. सगळीकडे टणक आवाज येत होता. मधल्या आडव्या लाकडाशी तो पोकळ झाला. लाकूड तळापासून सुटलं होतं, मधे बोट जात होतं. त्याच्याच खाली हातभर लांब चीर होती.

नवी चीर आतून पिवळी दिसते. ही काळी पडली होती.

रऊफ खाली बसला.

"काय झालं, मिस्त्री?" जानरावानं विचारलं.

"आजची नाई हे. दोन-तीन सालाची हाय."

जमुना उठून जवळ आली. "पण पावसाळ्याच्या आंदी तुमीच तं पायली होती नाव. अजून दोन साल चालते, असं म्हटलं होतं तुमी."

"वरून पायली, वयनी."

"फळ्या काहून नाई काढल्या?"

"माह्या दारात कापसाच्या गाड्या दुरुस्तीले उभ्या होत्या. चाकं, आख, समदे घाई करून रायले होते. नत्थुभाऊ मले म्हणे, फळ्या काढून पाय. मीच म्हटलं, गरज नाई." त्यानं मान खाली घातली. "पिण्यानं नाई बुडाली, वयनी. तो प्याला असता तरी नाव याच्यानंच बुडाली असती."

जमुना त्याला बोल लावील, शिव्या देईल, असं जानरावाला वाटलं. ती नावेच्या काठाला धरून उभी राहिली.

"आठ दिस झाले, माह्या डोयात पाणी नाई आलं," ती म्हणाली. "लोकं म्हणे तेच मलेबी खरं वाटलं. त्याच्याच नावानं बोटं मोडत होती मी."

मग ती रडली.

संध्याकाळी रऊफनं चावडीवर जाऊन चारचौघांत सगळं सांगितलं. काहींना पटलं, काही म्हणाले, मेलेल्याचं पिणं कशाला झाकता. त्यानं पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी घाटावर भेटेल त्यालाही सांगितलं.

जानराव नाव दुरुस्त करा म्हणत होता. रऊफनं नकार दिला आणि कोणी ती पुन्हा पाण्यात घालू नये म्हणून दोन दिवस बसून ती फळी फळी सुटी केली. ती लाकडं जमुनानं चुलीसाठीसुद्धा घरात येऊ दिली नाहीत.