पहिल्या घोटाचं नरसाळं

मी नरसाळं बोलतोय. तोंड मोठं आणि गळा बारीक, अशी माझी ठेवण. त्यामुळे माझ्याकडून मोठमोठ्या गप्पा झाल्या तर दोष घडवणाऱ्याचा. थोडं तुम्हीच गाळून घ्या. माझ्या गळ्यातली जाळी केव्हाच फाटलीय.

माझा जन्म मोटारींच्या कारखान्यातला. पहिल्या गाडीच्या छपरातून उरलेला पत्रा थोरल्या मालकांनी स्वतः कापला, वळवला, सांधला आणि मी झालो. त्या गाडीच्या इंजिनाला पहिलं ऑइल त्यांनी माझ्यातूनच पाजलं. हात पुसत म्हणाले, "पहिला घोट हातानंच. यंत्रानं पाजलेलं अंगी लागत नाही."

झालं, रिवाज पडला. पुढे ऑइल भरायला यंत्रं आली, थोरले मालक गेले, धाकटे मालक आले. तरी लाइनच्या टोकाला प्रत्येक इंजिनाला डबाभर ऑइल माझ्यातूनच जाई.

मला सांभाळायचे मामा. सगळ्या कारखान्याचे मामा. त्यांची धार कधी तुटत नसे. डबा तिरपा केला की शेवटच्या थेंबापर्यंत एकसंध, केसासारखी बारीक. एकदा शेडच्या छपराचा पत्रा धाडकन कोसळला. सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. मामा जागचे हलले नाहीत. डबा रिकामा झाल्यावर मान वर करून म्हणाले, "काय रे पडलं?"

आमच्या फाटकापाशी दगडी चौथऱ्यावर थोरल्या मालकांचं पहिलं इंजिन मांडलेलं होतं. त्याच्या सावलीत एक म्हातारं कुत्रं झोपे. आमच्या गाडीचा आवाज लांबून जरी आला, तरी ते कुरकुरत उठून बाजूला होई.

एका सकाळी धाकट्या मालकांनी दुसऱ्या कंपनीची विजेची गाडी बघायला मागवली. ती आली कधी, कुणालाच कळलं नाही. वळून पाहिलं तर पाठीशी उभी. चाक कुत्र्याच्या शेपटीला टेकलेलं आणि कुत्रं आपलं घोरतंय. मामांनी ते पाहिलं. माझ्या दांडीवरची त्यांची पकड घट्ट झाली.

इंजिनिअरांनी तिचं बॉनेट उघडलं आणि हसायलाच लागले. "अरे, इंजिनाच्या जागी नुसता खड्डा! भाजी ठेवायची का यात?"

"खेळणं आहे साहेब. हौस फिटली की येतील आपल्याकडेच."

वर्षभर हसत होते. मग हसणं थांबलं. मग तिसऱ्या शेडमधले दिवे बंद झाले, त्यानंतर दुसऱ्या शेडमधले. विझवायला कुणी गेलेलं दिसायचं नाही. सकाळी यावं, तर अंधार आणखी एक खांब पुढे सरकलेला.

दर आठवड्याला मामा मला घरी नेऊन साबणाच्या पाण्यानं धूत. दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांची मुलगी त्याच विजेच्या गाड्यांच्या कंपनीत कामाला होती.

"बाबा, आमच्याकडे हे नरसाळं कुणी ओळखणारसुद्धा नाही."

"मग तुमच्या गाड्या पितात तरी काय?"

"काही नाही. रात्रभर भिंतीला तोंड लावून झोपतात, सकाळी ताज्या."

"न पिणाऱ्याचा भरवसा नसतो बरं."

आतून मामींचा आवाज आला, "हे भावजींसमोर बोलू नका. ते प्यायला निमित्तच शोधत असतात!"

मुलगी हसली, मग हळूच म्हणाली, "बाबा, तुमची लाइन बंद होणार म्हणतात. आमच्याकडे अर्ज करा ना."

"तुझ्या हाताखाली?" मामा म्हणाले आणि माझा आधीच स्वच्छ झालेला गळा पुन्हा घासू लागले.

शेवटी धाकट्या मालकांनीही विजेची गाडी करायला घेतली. सगळ्यांना अंगणात जमवून सरळ सांगितलं, "विक्रेत्यांना बोलावलंय. त्यांनी गाडी उचलली, तर लाइनवरचा एकही माणूस घरी जाणार नाही. नाही उचलली, तर फाटक बंद."

आता कुणालाही वाटेल की साहेबलोक बॅटरीच्या मागे लागले असतील. छे! ऑफिसात बैठकांवर बैठका झाल्या त्या एकाच गोष्टीवर: पहिल्या घोटाचं काय करायचं? रिवाज मोडला तर विक्रेते म्हणतील, ही आपली गाडीच नव्हे. अखेर बॉनेटखाली पत्र्याची एक डबी बसवली. वर चकचकीत झाकण. डबीतून पुढे वाट कुठेच नाही. जिला तहानच नाही, तिला पाजायची सोय झाली.

इंजिनिअर मामांना म्हणाला, "चमचाभरच हं, मामा. फोटोपुरतं. डबी लहान आहे."

घरी मुलीनं विचारलं, "कुठे बसवलीय ती?"

"पुढच्या चाकाच्या वर."

"बाबा, सांडलं तर खाली ब्रेक आहे."

"माझ्या हातून आजवर सांडलंय कधी?"

तो दिवस उजाडला. अंगणात मांडव, खुर्च्यांवर विक्रेते, फोटोवाले. लाइनवरची माणसं धुतलेले कपडे घालून रांगेत उभी. मुलगी फाटकाबाहेरून बघत होती.

मामांनी मला डबीत खोवलं. इंजिनाच्या गळ्यातून नेहमी ऊब वर यायची. इथे काहीच आलं नाही. जणू भिंतीला तोंड लावलं.

चमचाभर गेलं. मामांनी थांबायला हवं होतं. पण रांगेतले सगळे डोळे त्यांच्या हातावर होते, आणि धार मध्येच तोडायची कशी, हे त्या हाताला कधी शिकवलंच नव्हतं. डबा तिरपाच राहिला. डबी भरली. मला ठसका लागला. ऑइल माझ्या गळ्याबाहेरून ओघळून खाली अंधारात उतरलं. ओरडावं म्हटलं, तर तोंड गच्च भरलेलं.

टाळ्या पडल्या. धाकटे मालक गाडीत बसले. गाडी निघाली. कसला आवाज नाही, धूर नाही. तिनं अंगणाला सुरेख फेरी मारली. विक्रेते एकमेकांकडे बघून माना डोलावू लागले. रांगेतला एकजण तर चक्क रडत होता.

मांडवासमोर येऊन धाकट्या मालकांनी ब्रेक दाबला. एका चाकानं धरला, दुसऱ्यानं सोडला. गाडी आडवी ओढली गेली आणि चौथऱ्याकडे निघाली. गुपचूप. कुत्रं झोपलेलंच.

"हॅट्! हॅट्!" फाटकातून मुलगी जीव खाऊन ओरडली. कुत्रं उडी मारून बाजूला झालं आणि गाडी दगडावर आदळली. चौथऱ्यावरचं जुनं इंजिन डुगडुगलं, कलंडलं आणि बॉनेट फोडून आत जाऊन बसलं. तुमचा विश्वास बसायचा नाही, पण नेमकं तिथं, जिथं इंजिन असतं.

कुणी हसलं नाही. विक्रेत्यांनी हातातले कप खाली ठेवले आणि एकेकजण निघून गेला.

धाकटे मालक कपाळाला रुमाल लावून मामांपाशी आले. "मामा," ते म्हणाले, "धार तुटली नाही हं तुमची." आवाजात राग असता तर मामा उभे राहू शकले असते. राग नव्हता. मामा तिथंच खाली बसले.

फाटक बंद झालं. यंत्रं गेली, माणसं गेली. रिकाम्या शेड मुलीच्या कंपनीनं घेतल्या. मी मामांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला राहिलो. मामा खिडकीत बसून तिच्या गाडीची वाट बघत. डोळे लावूनच बसावं लागे, कानांचा उपयोग नव्हता.

एके दिवशी ती घरी आली तीच फुललेली. "बाबा, ऐका ना! आमच्या मालकांनी ठरवलंय, प्रत्येक नव्या गाडीला पहिली वीज हातानंच जोडायची. मशीन आहे, पण पहिला प्लग माझा. फोटोसुद्धा काढले!"

मामांचा कप ओठांपाशी थांबला. "का म्हणे?"

"म्हणतात, माणसाचा हात लागला पाहिजे. त्याशिवाय गाडी आपली वाटत नाही."

मामा उठले, मला खिळ्यावरून काढलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

"हे घेऊन जा. प्लगाशेजारी टांग."

"अय्या, कशाला? शोभेला?"

"शोभेला समज. पण रोज एकदा बघत जा."

तेव्हापासून मी परत माझ्या जुन्या शेडमध्ये आहे. तिचा हात फार सफाईचा, अगदी बापावर गेलाय. बघणारे टाळ्या वाजवतात. ती माझ्याकडे बघायला एव्हाना विसरू लागलीय.

मी फाटकाकडे बघत असतो. त्या चौथऱ्यावर आता यांची पहिली गाडी मांडलीय. तिच्या सावलीत तेच म्हातारं कुत्रं निवांत घोरत असतं. तुम्ही कधी तिथून गेलात, तर एवढं करा: त्याला हाक मारून उठवा. माझं तोंड मोठं आहे, पण त्यातून आवाज फुटत नाही.