छत्तीस छातीचा कोट

तुंगाबाईंनी राजाला फुंकर मारली आणि राजाचं नाक उडालं.

ओट्यावर ट्रंक उघडी होती. दसऱ्याला अजून दीड महिना होता, पण ऊन बरं पडलंय म्हणून त्यांनी गोंबे बाहेर काढल्या होत्या. नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या, वर्षभर जुन्या साड्यांत गुंडाळून ठेवलेल्या. लग्नात माहेरनं दिलेली लाकडी राजा-राणीची जोडी अगदी तळाशी होती. राणी जशीच्या तशी. राजाला आतून कीड लागलेली. नाकापाठोपाठ मुकुट गेला, मग उजवा हात. तुंगाबाई तळहातावर राजाचा भुगा घेऊन बसून राहिल्या.

"एकटी राणी कशी मांडू," त्या म्हणाल्या.

समोरच्या दुकानात मशीन थांबलं. लष्कर मोहल्ल्यातल्या त्या बोळात तुंगाबाईंचं घर आणि हे टेलरिंगचं दुकान समोरासमोर, मधे एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी वाट. पाटीवर 'येसाजीराव, स्पोर्ट्स ड्रेस स्पेशालिस्ट' असं होतं. गल्लीला तो नुसता येसाजी. बावन्न वर्षांचा, गोल पोटाचा, आणि हातात सुई असलेल्या माणसावर किती विश्वास ठेवावा हे गल्लीला शिकवून चुकलेला. तुंगाबाईंचा नवरा शेषगिरी बँकेत होता तेव्हा एकदा येसाजीनं त्याच्या नव्या पँटचे दोन्ही खिसे आतून शिवून दिले होते. शेषगिरी भरल्या सिटी बसमधे कंडक्टरसमोर पाच मिनिटं स्वतःच्या मांड्या चाचपत उभा होता. त्याला अकरा वर्षं झाली. शेषगिरी रिटायर झाला, पण ते विसरला नव्हता.

आत्ता तो ओट्याच्या पायरीवर पेपर वाचत होता, खेळाच्या पानापासून मागे मागे. त्याचा आणि येसाजीचा वाद सकाळपासूनचा. बाहुल्यांमुळे तो जरा थांबला होता एवढंच. वाद असा की मोहल्ल्यात राज्याचा कप आता कोण आणणार. दसऱ्याच्या स्पर्धेत यंदा इथले दोन संघ उतरत होते. एक पंचकल्याणी, बॉल बॅडमिंटनचा. पाच गडी, पाचही चाळिशीपुढचे. लोकरीचा पिवळा चेंडू उचलायला वाकले की आधी गुडघे वाजायचे. दुसरा मल्लिगे, मोगऱ्याच्या नावाचा, मुलींचा खो-खो संघ. लागोपाठ तीन वर्षं फायनलला गेलेला आणि तिन्ही वेळा हरलेला.

"वहिनी, राजा मी देतो तुम्हाला," येसाजी दारात येऊन म्हणाला. "मी आणि शेषा पैज लावतो. ज्याचा संघ कप आणणार नाही तो राजा. अष्टमीला दिवा लागल्यापासून आरतीपर्यंत राणीशेजारी पाटावर बसायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, हलायचं नाही. गल्ली येऊन बघून जाईल."

"आणि हलला तर?"

"तर दुसऱ्या दिवशी परत."

शेषगिरीनं पेपराची घडी घातली. संघाचं नाव घ्यायची मात्र त्यानं घाई केली नाही.

"आधी तू बोल," तो म्हणाला.

का, ते सगळ्यांना माहीत होतं. येसाजी ज्याची बाजू घेई तो संघ बुडे. पहिल्या फायनलला त्यानं मल्लिगेसाठी 'चॅम्पियन' लिहिलेलं कापड आदल्या दिवशीच शिवून ठेवलं. दुसऱ्या वर्षी म्हैसूरपाकाचा डबा मैदानावर नेला. तिसऱ्या वर्षी पहिल्या रांगेत उभा राहून आवाज बसेपर्यंत ओरडला, आणि मुली एका गुणानं गेल्या. गल्ली त्याला चिडवायची. तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायचा.

तेवढ्यात पावनी आली. सायकल भिंतीला लावून, घोट्याची पट्टी सोडत ती दुकानाच्या पायरीवर टेकली. येसाजीची ही एकुलती एक लेक अकराव्या वर्षापासून मल्लिगेत होती, आता बावीसची. क्लबच्या लोकांनी त्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं की यंदा कप नाही आला तर मुलींचा संघ बंद. बूट, बस, मैदानाचं भाडं, कोण किती वर्षं करणार. त्या रात्री पावनी जेवली नव्हती.

"बोल की," शेषगिरी म्हणाला.

येसाजीनं गळ्यातला टेप दोन्ही बाजूंनी सारखा केला. लेकीकडे न बघता.

"पंचकल्याणी," तो म्हणाला.

शेषगिरीचा चेहरा उजळला. "मग मल्लिगे माझी. येसू, तू गेलास बघ."

पट्टीचं टोक पावनीच्या हातातच राहिलं.

"अप्पा," ती म्हणाली, "एवढी वर्षं तुम्ही एकटेच म्हणत होता, आम्ही जिंकू म्हणून."

येसाजीनं त्यावर काहीतरी विनोद केला. शेषगिरी हसला, पावनी सायकल घेऊन निघून गेली. मग येसाजीनं गल्लीच्या मधोमध शेषगिरीला उभा केला, कारण राजाचा कोट आत्ताच शिवायला घेतो, ऐन दसऱ्यात वेळ कुठला, असं त्याचं म्हणणं. तो आकडे ओरडून सांगत होता. छाती छत्तीस. खांदा सोळा. पोटाचं माप घेताना तो दोनदा शेषगिरीभोवती फिरला आणि सापडत नाही म्हणाला. बायका खिडक्यांतून हसल्या. बँडवाल्यांच्या युनिफॉर्ममधून उरलेली लाल मखमल त्यानं त्याच संध्याकाळी कापायला घेतली.

दरवर्षी मल्लिगेच्या मुलींची मापं पावनी घ्यायची. ती आकडा सांगायची, येसाजी लिहून घ्यायचा. मधेच तो एखादा आकडा मुद्दाम चुकवायचा आणि ती टेपनं त्याच्या पाठीत हाणायची. यंदा तिनं सगळ्यांची मापं मैदानावरच घेतली आणि कागद दुकानात ठेवून गेली. कागदावर अकरा नावं होती. बारावं तिचं, ते नव्हतं. घरातही तिचं बोलणं 'जेवायला या' आणि 'साकु', म्हणजे पुरे, एवढ्यावर आलं. त्याची बायको सीतालक्ष्मी म्हणाली की पोरीला दोन शब्द बरे सांगायला काय जातं. येसाजी म्हणाला, जातं.

दुपारी बोळात सामसूम व्हायची. वीज असली की वरचा पंखा फिरायचा आणि तारेला टांगलेले कपडे हलायचे. एका बाजूला पंचकल्याणीचे पाच पिवळे शर्ट, पोटाशी ऐसपैस. दुसऱ्या बाजूला मल्लिगेचे पांढरे, हिरव्या कॉलरचे. येसाजी इस्त्री उभी करून स्टुलावर बसायचा आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघायचा. पिवळे जागच्या जागी डुलायचे. एकानं वर उडी घेतल्यासारखी केली आणि त्याला धाप लागली. पांढरे एकमेकांच्या मागून निसटत होते. एक वाकला, दुसरा त्याच्या पाठीवरून उठला, तिसरा खांबाला वळसा घालून गेला तो थेट पंख्याच्या वाऱ्याबाहेर, उन्हात. कोण जिंकतंय हे टेपला आधीच कळलं होतं. एका वर्षात पांढऱ्यांचे खांदे अर्धा-अर्धा इंच भरले होते आणि कमरा तेवढ्याच. पिवळ्यांचं उलट. पण टेपला गेल्या तिन्ही वर्षी कळलंच होतं. येसाजीनं तोंडावर हात ठेवला, जणू आतून काहीतरी निसटून बाहेर पडेल. मग उठला आणि बारावा पांढरा कापायला घेतला, मापाशिवाय.

स्पर्धा सुरू झाली आणि पंचकल्याणीवाले तिसऱ्याच दिवशी हरून बाहेर पडले. मल्लिगे फायनलला.

पंचमीला दुपारी चारला मॅच होती. येसाजी घरात म्हणाला की बन्नूरच्या एका शाळेचे गणवेश पोचवायचेत, आणि गठ्ठा स्कूटरला बांधून निघाला. बन्नूरचा रस्ता त्यानं धरलाच नाही. मैदानाच्या मागच्या अंगाला कंपाउंडची उंच भिंत होती, भिंतीबाहेर एक पर्जन्यवृक्ष. त्याखाली गाडी लावून तो भिंतीला पाठ टेकून उभा राहिला.

भिंतीपलीकडून काही दिसत नव्हतं. वर तांबूस धूळ चढायची, उन्हात थांबायची आणि सावकाश खाली यायची. शिट्टी. पावलं. खो. पुन्हा पावलं. प्रत्येकीचा खो वेगळा होता. एकीचा लांब, एकीचा घोगरा. पावनीचा आखूड, कात्रीनं दोरा तोडावा तसा. तो आला की येसाजीचा अंगठा तर्जनीवर मिटायचा. मग बराच वेळ तो आलाच नाही. झाडाची बारीक पानं त्याच्या खांद्यावर पडत होती. त्यानं ती झटकली नाहीत. त्याला वाटलं आपण कुठेच नाही आहोत, ना आत ना बाहेर. आपण इथे आहोत हे कुणालाही कळता कामा नये, धुळीलासुद्धा.

तीन शिट्ट्या एकदम झाल्या आणि आत गलका उठला. गलका दोन्ही बाजूंचा सारखाच ऐकू येतो.

भिंतीवर चढून बसलेला शेंगावाला खाली उतरला.

"कोण?" येसाजीनं विचारलं.

"पांढऱ्या. दोन गुणांनी."

"अय्यो," येसाजी मोठ्यानं म्हणाला, "माझी पैज गेली."

शेंगावाल्यानं त्याला थोड्या शेंगा फुकट दिल्या. येसाजी स्कूटरवर बसला, किल्ली फिरवली आणि गाडी सुरू करायचं विसरून तसाच बसून राहिला.

अष्टमीला दिवेलागणीच्या आधीच शेषगिरीचा ओटा भरला होता. त्यानं घरोघर निरोप दिले होते. त्याचा आनंद दुहेरी होता. एक तर येसू राजा होणार. आणि कोट तर छत्तीस छातीचा, येसूची छाती सेहेचाळीस. बटणं कुठवर उडतात ते बघायला त्यानं खुर्ची मुद्दाम थोडी लांब मांडली होती.

येसाजीनं कोटाचं बासन सोडलं. लाल मखमल, सोनेरी किनार, नऊ पितळी बटणं. त्यानं एक हात घातला, दुसरा घातला. कोट खांद्यावरून पाण्यासारखा खाली आला. पहिलं बटण लागलं. पोटावरचं पाचवं लागलं. नववंही लागलं.

"हे कसं काय?" शेषगिरी म्हणाला.

"काल रात्री ढिला केला," येसाजी म्हणाला. तुंगाबाईंनी समई लावली आणि त्याचं बोलणं तिथं संपलं.

वरच्या पायऱ्यांवर देव, मधे हत्ती, पालखी, वरात, लाकडी भाजीवाली. सगळ्यात खाली वीतभर उंचीची राणी आणि तिच्या शेजारी पाटावर, डोक्याला फेटा बांधून, ऐंशी किलोचा राजा. गल्ली आली. बायकांनी राणीला कुंकू लावलं, मग राजालाही लावलं. कुणी त्याच्यापुढे उसळीचा द्रोण ठेवला. शेषगिरीनं अगदी नाकाशी येऊन त्याला बसमधल्या खिशांची गोष्ट अथपासून सांगितली. येसाजीचं पोट आतल्या आत दोनदा हललं, चेहरा नाही. हळूहळू समईची वात त्याच्या डोळ्यांत मोठी झाली. समोरचं बंद दुकान, त्यावरची स्वतःच्या नावाची पाटी, सगळं त्याला लांबच्या कुणाचं तरी वाटायला लागलं. हत्तींच्या रांगेत आपणही फार वर्षांपासून बसलोय असं.

मग मल्लिगेच्या मुली आल्या. बाराही जणी पांढऱ्या जर्सीत, कप घेऊन. क्लबवाले आता पुढच्या वर्षीच्या बुटांचंसुद्धा बोलायला लागलेत, असं त्या तुंगाबाईंना सांगत होत्या. कप राजाच्या मांडीवर ठेवला गेला. फोटो झाले.

पावनी मागे राहिली. कोटाचा खालचा काठ पाटाखाली दुमडला होता. तो सोडवायला ती वाकली. सवयीनं तिचं बोट बाजूच्या शिवणीवरून वर सरकलं. कमरेपाशी थांबलं. परत खाली आलं. तिनं काठ उलटा करून आतली बाजू समईच्या उजेडात धरली. मखमलीला एकदा टाका पडला की उसवला तरी भोकांची रांग राहते, कितीही वाफ द्या, जात नाही. हे तिला शाळेत घालायच्या आधीपासून माहीत होतं. कोटाला एकच शिवण होती. पहिली.

तिनं काठ होता तसा सरळ केला.

"अप्पा," ती अगदी हळू म्हणाली, "शेषगिरीकाकांची छाती छत्तीस ना?"

राजा समोर बघत राहिला. त्याच्या कपाळावरून कुंकवात मिसळलेला घाम नाकाच्या कडेनं उतरत होता. पावनीनं पदर नव्हता म्हणून जर्सीच्या टोकानं तो पुसला. मापाशिवाय शिवलेली ती जर्सी तिच्या खांद्यावर नीट बसली होती. बाकीच्या मुली दारातून तिला हाका मारत होत्या. ती उठली, दोन पावलं गेली, आणि राणीचं वस्त्र नीट करायचं निमित्त करून परत वाकली.

"पुढच्या वर्षी पण पंचकल्याणीच म्हणा," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "मोठ्यानं म्हणा."

राजाचा डावा डोळा मिटला आणि उघडला.

"हलला," शेषगिरी खुर्चीतून उठला. "तुंगे, बघितलंस ना? डोळा हलला त्याचा."

तुंगाबाईंनी समईत तेल घातलं. मग राजाकडे एकदा बघितलं, पावनीकडे एकदा.

"उद्या परत, भावजी," त्या म्हणाल्या. "कोट इथंच राहू दे."