घोयऱ्याचं लग्न

पावसासाठी आमच्या गावात बेडकांचं लग्न लावतात. यंदा विहिरी आटल्या, बेडूकही उरले नाहीत, तेव्हा गावाची नजर मी पाळलेल्या, रंग बदलणाऱ्या घोयरा सरड्याच्या पिल्लावर गेली.

"भामाबाई, नर हाय का मादी? जोडीदार तसा हुडकू," सरपंच म्हणाले.

मला काय ठाऊक! मी काय त्याची सुईण?

लातूर नुकताच जिल्हा झालेला. तिथून जनावरांचे डॉक्टर आले होते. त्यांनी पिल्लाचे मागचे पाय निरखले. "नराच्या टाचेवर काटा येतो. हे फार लहान आहे. पुढच्या पावसाळ्यात कळेल."

"कोणत्या पावसाळ्यात?" मी खेकसले.

लग्न तिथंच राहिलं.

पिल्लू मी बाभळीवर सोडलं. झाडाला एक पान नव्हतं. तरी ते हिरवंगार होऊन बसलं, घारीला लांबून दिसावं असं.