सपाट धरलेली साखळी

"साखळी भुईला टेकवा की पाव्हणं. वारं मोजायलाव का?"

सिद्रामप्पाच्या बोलण्यावर बांधावरची मंडळी हसली. सर्वेअर विरूपाक्षाला हसू येईना. सिद्रामप्पाची बायको नीलम्मा ही त्याची सख्खी बहीण. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. जिल्ह्याला पाटी मिळाली, माणसं मिळायची होती. "नात्यातली मोजणी आहे, दुसरा पाठवा," असं त्यानं वरिष्ठांना सांगून पाहिलं, पण दुसरा होता कुठं? शेवटी नातं सांगून त्यानं अर्जदार बाईलाच विचारलं. सिद्रामप्पाच्या धाकट्या भावाची ही विधवा, गुरम्मा. ती म्हणाली, "म्हाईत हाय मला. तुमीच मोजा."

ते 'तुमीच' कचेरीपासून इथवर त्याच्या उरावर बसून आलं होतं.

भावाभावांनी वाटणी घरच्या घरी केली होती. वरचं निम्मं रान धाकट्याला, खालचं थोरल्याला. माळाच्या माथ्यापासून उतारावर दोर अंथरला आणि मोजून दगड रोवला. कुणाच्या मनात पाप नव्हतं, पण उतारावर तिरपा अंथरलेला दोर सपाटीचं अंतर कमी भरतो, रान खातो. दगड वरच राहिला आणि विहीर थोरल्याकडं गेली. पाऊसपाणी होतं तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आता दुष्काळात वाडीत तेवढ्या एकाच विहिरीला पाणी होतं, आणि सिद्रामप्पानं गुरम्माला तिथं घागर बुडवायला बंदी केली होती.

"दाजी," विरूपाक्ष म्हणाला, "ह्या उतारावर जोंधळा तिरपा येतो का?"

"तिरपा कशाला येईल? उभाच येतो."

"मग उभ्या ताटाला सपाट जागा लागते तेवढीच खरी. सरकार तीच धरतं."

सिद्रामप्पानं हात झटकला; त्याला ते पटलं नव्हतं.

काम पुढं सुरू झालं. वरचं टोक विरूपाक्ष जमिनीशी धरी आणि खालचं टोक खाजा छातीपर्यंत उचली. खाजा त्याचा जुना साखळीवाला. साखळी ताणून सपाट झाली की खाजा टोकापासून ओळंबा, दोरीला बांधलेलं वजन, खाली सोडी आणि तो टेकेल तिथं खुंटी ठोकी. मग त्या खुंटीपासून पुढं. उन्हात खाजाचे दंड थरथरत होते.

शेवटचा टप्पा विहिरीशी आला. विहिरीजवळ नीलम्मा उभी होती. आई गेल्यावर हिनंच विरूपाक्षाला वाढवलं, स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून दिली.

खाजानं खालून मान वर केली. साखळी ढिली सोडून तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साब, हात जरा खाली घेतो. हीर तुमच्या भैनीकडंच ऱ्हाती. कुणाला कळत न्हाई."

क्षणभर विरूपाक्षाला खरंच वाटलं, घेऊ दे. एवढं आयुष्य साखळी सरळ धरली, एकदा लोंबली तर काय बिघडतं? मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"छातीशी धर, खाजा."

ओळंबा विहिरीच्या पलीकडं टेकला. तिथं खुंटी बसली आणि विहीर गुरम्माच्या रानात आली. सिद्रामप्पा पाहुण्याला काय बोलायचं ते बोलला आणि पाय आपटत निघून गेला.

नीलम्मा विहिरीकडं गेली. चाकावरचा आपला दोर तिनं ओढून घेतला आणि गुंडाळू लागली.

"अक्का, दोर ऱ्हाऊ द्या की," गुरम्मा पुढं होत म्हणाली. "पानी काय येगळं हाय का?"

"न्हाई गं. रान तुझं हाय. उद्या घागर घेऊन येते, तवा तू व्हय म्हण."

गुरम्माचे डोळे भरले. नीलम्मा भावाकडं वळली.

"मोजणी बरूबर झाली का रे?"

"झाली, अक्का."

"मग मान कशाला खाली घातलीस?"

विरूपाक्षानं मान वर केली. दोर खांद्यावर टाकून अक्का उन्हातून घराकडं निघाली होती.